चांगुणाबाईच्या दोन लवंगा

चांगुणाबाई माहेरी आली की ते सुलतानपूरला एस.टी.च्या थांब्यावरच कळायचं. गाडी थांबण्याआधी तिचा आवाज खाली उतरे, मग पिशव्या उतरत आणि सगळ्यांत शेवटी ती. "अरे भाऊ, जरा धीर धर, माही कुरडयाची पाटी हाय वरतं! मोडली तं तुह्या घरी जेवाले येईन मी!" असं कंडक्टरला दटावीत ती पाटी उतरवून घेई. तोवर त्याच्या मुलाबाळांची नावंही विचारून झालेली असत.

जानेफळला दिली त्याला तिसाहून जास्त वर्षं झाली होती. अंगानं भरलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेला पानसुपारीची चंची. एकादशी कधी मोडली नाही आणि हसणं कधी आवरलं नाही. नवरा दयारामजी मोठा शांत माणूस. "आमच्या घरात बोलायचं काम बाईकडे, ऐकायचं माझ्याकडे. भांडण कधी होतच नाही," असं तो म्हणे.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आखाजीला ती माहेरी आली होती. आपल्याकडे आखाजीला घरात दोन पंक्ती होतात. एक गेलेल्यांची, एक लेकींची. सकाळी पितरांच्या नावानं मातीची भांडी पाण्यानं भरून मांडायची; पुरुषांच्या नावाचा तो करा, बायकांच्या नावाची ती केळी. वर आंबा ठेवायचा, विस्तवावर घास टाकायचा. ते झालं की लेकींनी झोके घ्यायचे आणि आमरसात पोळी बुडवून सासरची उणीदुणी काढायची.

त्या सकाळी चांगुणाबाई न्हाऊन चुलीकडे निघाली आणि अर्ध्या वाटेतून परत फिरून ओट्यावर जाऊन बसली. भावजय अन्नपूर्णा पुरणाचा हात तसाच घेऊन बाहेर आली.

"काऊन बाई, बाहेरच बसल्या?"

"कावळा शिवला ना व."

"आता? तुमचं तं दोन वर्सं झाले बंद हाय ना?"

"बंदच होतं. पाव्हनी निरोप घेऊन जाते आन् विसरलेली छत्री न्याले परत येते, तसं आलं. मांघच्या महिन्यातही आलतं. जाऊ दे, मले आज काम नाही. तूच लाट पोया."

झोक्याजवळच्या पोरी फिदीफिदी हसल्या. "आत्याबाई पुन्हा जवान झाल्या!" एक म्हणाली. आत्याबाईही हसली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, तिला तर नाहीच. देवाच्या दिवशी देवघराबाहेर बसावं लागलं एवढंच काय ते तिच्या मनाला लागलं.

हाताला काम नसलं की माणसाच्या डोळ्यांना काम लागतं. ओट्यावर बसल्या बसल्या तिचं लक्ष धाकट्या भावाकडे गेलं. शेषराव उघड्या अंगानं पूजेला बसला होता. मागच्या आखाजीला याची पाठ कशी दारासारखी रुंद होती. आता बरगड्या मोजून घ्याव्यात. त्यानं आज्याचा करा मांडला, बाप उकंडरावांचा मांडला, काका पुंजाजींचा मांडला. शेजारी आजीची, आईची, काकूची केळी. तिघी बायका म्हाताऱ्या होऊन, केस पिकून, नातवंडं खेळवून गेल्या होत्या. तिघा पुरुषांपैकी पन्नाशी कुणी पाहिली नव्हती. तिघांनाही पोटात गाठ झाली, रक्त पडलं, अन्न तुटलं, संपले.

घरात त्या दुखण्याला नावच पडलं होतं: बापाची कळ. बापाकडून लेकाला मिळते म्हणून बापाची. कुण्या पूर्वजानं म्हणे एका साधूला भरल्या ताटावरून उठवलं होतं. साधूनं शाप दिला, तुझ्या घरच्या पुरुषाला पन्नाशीनंतरचं अन्न पोटात ठरणार नाही. बायकांवर त्याचा राग नव्हता, म्हणून घरच्या बायका सुटल्या. अशी ती गोष्ट. भरल्या ताटावरून उठलेला साधू इतका हिशेबी असेल असं काही वाटत नाही. पण पिढ्यान् पिढ्या सांगितलेली गोष्ट भिंतीतल्या दगडासारखी बसते, उपटायला कुणी जात नाही.

शेषराव तेव्हा सेहेचाळिशीत होता. संक्रांतीपासून त्याच्याही पोटात दुखत होतं. कुणाला न सांगता त्यानं आवराआवर सुरू केली होती. घराची कौलं फिरवायची, तर "राहू द्या, पोरं फिरवतील." नवं धोतर घ्यायचं, तर "कायले? जुन्यात भागते." मळ्यात आंब्याची कलमं लावायला आणली होती, ती त्यानं शेजाऱ्याला देऊन टाकली. "आंबा दहा वर्सानं लागते," एवढंच बोलला.

पूजा होत आली. तीन करे, तीन केळी मांडून झाली तरी एक करा उरला. शेषरावानं तो कोरा करा उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि भिंतीशी जपून ठेवला.

"कुंभारानं एक जास्तीचा देल्ला. असू द्या. पुढच्या साली कामात येईन," तो म्हणाला.

अन्नपूर्णेच्या हातातला घास विस्तवाऐवजी राखेत पडला. पोरी झोक्यावर होत्या तशा थांबल्या.

आणि चांगुणाबाई उठली. ओट्यावरून थेट घरात, घरातून थेट पूजेत. अन्नपूर्णा ओरडली, "बाई, बाई, तुम्ही बाहेर हा ना!" तिनं ऐकलं नाही. भिंतीशी ठेवलेला तो करा तिनं दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला आणि भावासमोर उभी राहिली.

"बाटला!" ती म्हणाली. "शिवली मी. आता हा पितराच्या कामाचा नाही राह्यला. कर काय करतं ते."

शेषरावानं करा पाहिला, बहीण पाहिली. मग कितीतरी दिवसांनी त्याला हसू आलं. "बाई, पाप लागीन तुले!"

"लागू दे. माहा अन् माह्या देवाचा हिशेब हाय तो, मी पाहून घेईन. तू दवाखान्यात चाल पयले."

हसू लगेच विझलं. "दवाखान्यात काय करते? बाबाले नेलंच होतं ना नागपूरले. चिरलं, शिवलं, वापस आनलं. तेवढाच खर्च."

"बाबा कवा गेला होता? उभं राहता येत नव्हतं तवा."

"काऊन माहं डोकं खाते? शापाले गोळी असते का?"

चांगुणाबाई गप्प बसली. ती गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय. जेवणं झाली, आमरसाची पातेली घासून झाली, तेव्हा ती ओट्यावरूनच भावाला म्हणाली, "बरं, तू नको येऊ तुह्यासाठी. माह्यासाठी येशीन का? मले मेहकरच्या डाक्टरले दाखवा लागते. अंगावरून जाते. तुह्या दाजीले बायकांच्या गोठी सांगता येत नाही, तो लाजूनच मरीन. एकटीनं कशी जाऊ?"

आता हिला कसली भीती! ही एकटी काशीला जाऊन आली असती. पण आखाजीच्या दिवशी लेकीनं मागावं आणि भावानं नाही म्हणावं असं त्या घरात कधी झालं नव्हतं. शेषरावानं मान डोलावली. चांगुणाबाईनं ओट्यावर तोंड फिरवून पदरात हसून घेतलं. अंगावरून जातंय हे खरंच होतं, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागणार नव्हतं. बहाणा म्हणून तिला तो फारच पसंत पडला.

चार दिवसांनी न्हाणं झाल्यावर दोघं मेहकरला डॉक्टर इंद्रभान तायड्यांकडे गेले. डॉक्टर लोणारकडचेच, नागपुरात शिकलेले, त्यांच्या समाजातले त्या भागातले पहिले डॉक्टर. टेबलामागे बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या शेजारी माणसाच्या आतड्याचं मोठं रंगीत चित्र लावलेलं. चांगुणाबाईनं तसबिरीला हात जोडले आणि चित्राकडे बोट केलं.

"हे काय हो डाक्टरसाहेब? कुरडयाचा घाना टाकला का कोनी?"

डॉक्टर हसले. "तुमच्या पोटातही असाच घाना हाय, मावशी. बसा. कोनाले काय होऊन राह्यलं?"

"आधी याले पाहा. माहं मंग."

"पन आपन तं तुह्यासाठी..." शेषराव अर्धवट उठला.

"बैस खाली. लेकीच्या जातीले आधी मान घेता येते का? भाऊ पयले."

डॉक्टरांनी त्याला पडद्यामागे नेलं. मग बराच वेळ पडद्यामागून शेषरावाचा आवाज येत होता. आधी "कायले?", मग "नाही, नाही", मग "अरे बाप्पा!" आणि शेवटी सगळ्या कुळदेवांची नावं एका दमात. बाहेर आला तो धोतर सावरीत, लाल होऊन.

"बाई, तू बहीन नाही, दुश्मन हायस माही."

"काय निंघालं?" तिनं डॉक्टरांना विचारलं. हसतच विचारलं, पण चंचीचा बंद तिनं मुठीत आवळून धरला होता.

"हात अन् नळी पोचली तेवढ्यात गाठ नाही. थोडी मूयव्याध हाय. पन आतडं लांब असते मावशी, तुम्ही पाहिलं ना, पुरा घाना. वरचं पाहाले नागपूरले फोटो काढा लागते. मले एक सांगा, घरात कोनाले झालतं का असं?"

शेषरावानं बापाची कळ सांगितली, साधू सांगितला. डॉक्टर साधूवर हसले नाहीत, त्यावर चांगुणाबाई खूश झाली. ते म्हणाले, "साधूचं राहू द्या. कोन, कोनाचा, किती वर्साचा, हे सांगा." पण आजा, बाप, काका, त्यांची वयं यांत ते लवकरच गुंतले. तेव्हा तिनं चंची सोडली.

"असं नाही कळनार तुम्हाले. थांबा." तिनं टेबलावर एक सुपारी ठेवली. "हा आजा. हे त्याच्या खाली बाबा अन् पुंजाजी काका." दोन सुपाऱ्या. "हा शेष्या." आणखी एक सुपारी. "पितरालेही आपन सुपारीच मांडतो, चालते."

"आन् बायका?"

"बायकांले नाही होत ना ते. घरच्या बायका साऱ्या म्हाताऱ्या होऊन गेल्या. आजी गेली, माय गेली, काकू गेली."

डॉक्टर सुपाऱ्यांकडे पाहत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, तुमची माय कोन्या गावची?"

"सोनाटीची."

"आजी?"

"ते तं पार जालन्याकडची."

"मंग त्या या घरच्या कशा? त्या तं सुना. रक्त बाहेरचं. या घरात जन्मलेल्या बायका सांगा. आज्याच्या लेकी."

चांगुणाबाई खो खो हसली. "लेकी? लेकी या घरच्या कायच्या? त्या तं देल्ल्या घरच्या! त्याइच्या केळ्याही तिकडंच मांडतात."

"मांडू द्या. पन त्या कशानं गेल्या?"

तिनं चंचीतून दोन लवंगा काढल्या आणि बापाच्या सुपारीच्या बाजूला एकेक करून ठेवल्या. "ही शालूआत्या. मोताळ्याकडं देल्ली होती, माही धाकटी बहीनही तिकडंच हाय. ही गोजरआत्या. हे घाटाखाली, जळगावच्या वाटेवर."

"हं."

"शालूआत्याजवळ मी होती शेवटी. मी लहान होती तवा, माहं लगन नव्हतं झालं. पाळी जाऊन दोन-तीन वर्सं झालते तिची, आन् मंग अंगावरून जाऊन जाऊन वाळली. गोजरआत्याले तं मी पाहिलं नाही, पन तिची सून सांगे, सासूबाई बाहेर बसल्या त्या आत आल्याच..."

ती मध्येच थांबली. डॉक्टर विचारात गढले होते. त्यांनी टेबलावर हात फिरवला, एक लवंग उचलली आणि तोंडात टाकली.

"अहो डाक्टर!" चांगुणाबाई ओरडली. "आमची गोजरआत्या खाल्ली ना तुम्ही!"

शेषराव दवाखाना दणाणून जाईल असा हसला. डॉक्टरही हसले, पण त्यांचं चावणं थांबलं. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"मावशी, तुम्ही आपल्यासाठी कायले आल्या होत्या म्हनाल्या?"

"मी? मी कुठं! हा बहाना होता, याले आनाचा."

"काय बहाना होता?"

तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं, मागे हसणारं मात्र कुणी उरलं नाही. टेबलावर शालूआत्याची लवंग एकटी पडली होती. मोताळ्याची मौत आणि घाटाखालची मौत, दोन गावांत, दोन सासरी रडून संपलेल्या. त्या आजवर शेजारी शेजारी कधी आल्याच नव्हत्या. चांगुणाबाईनं चंचीतून आणखी एक लवंग काढली, शेषरावाच्या सुपारीशेजारी ठेवली आणि म्हणाली,

"अंगावरून जाते. दोन वर्सं बंद होतं. आता दोनदा आलं."

"बहाना खरा हाय का खोटा?"

"खराच हाय."

"मंग नागपूरले दोघंही जा," डॉक्टर म्हणाले. "अन् घाबरू नका. दोनदाच आलं न्. शालूआत्या वाळेपर्यंत थांबली, तुम्ही तं छत्री विसरल्यासारखं हसत हसत आल्या."

ती छत्रीची गोष्ट त्यांना शेषरावानं केव्हा सांगितली, कोण जाणे. पडद्यामागेच सांगितली असावी.

डॉक्टरांनी मग त्यांना समजेल असं सांगितलं. माणसाच्या अंगात आईबापाकडून आलेले बारीक दोरे असतात, निम्मे आईचे, निम्मे बापाचे. एखाद्या दोऱ्यात खोट असली की ती लेकाला जाऊ शकते तशीच लेकीलाही. अलीकडे परदेशात काही डॉक्टरांनी अशी घराणी पाहिली आहेत, पुरुषांना बहुतेक आतड्याची गाठ, बायकांना आतड्याचीही आणि गर्भाशयाचीही. खोट एकच, दिसते मात्र वेगळ्या ठिकाणी.

"असं काऊन पन?" शेषरावानं विचारलं. "बायकांवर मेहेरबानी काऊन?"

"मेहेरबानी कायची, जागा बदलली फक्त. बाईजवळ एक दोरा असा हाय की त्याची तिच्याजवळ पुरी जोडी असते. बाप्याजवळ त्याच जागी एक पुरा अन् एक आखूड."

"ऐक शेष्या," चांगुणाबाई म्हणाली, "म्हूनच बाप्ये अर्धवट!"

"पन तुमच्या घरची खोट त्या दोऱ्यावर नसावी," डॉक्टर म्हणाले, "कारन बाप तो जोडीचा दोरा लेकाले देतच नाही, अन् तुमच्याकडं तं बापापासून लेकाले आली. मंग बाईचं आतडं काऊन जास्त टिकते? तिच्या अंगातले रस वेगळे, म्हून असंन. पक्कं अजून कोनालेच माहीत नाही. मलेही नाही."

चांगुणाबाईला ही कबुली फार आवडली. तिनं थोडा विचार केला.

"विरजन हाय ते, डाक्टर. एकाच दुधाले, एकाच विरजनाचं दही लावलं, तरी मातीच्या मडक्यात एक लागते अन् पितळीच्या गंजात एक. मडकं पानी पिते, गंज कळकते. विरजन तेच, भांडं वेगळं."

"असंच समजा."

"म्हंजे लेक परक्याचं धन म्हून देल्ली, ते विरजन पदरात बांधूनच गेली म्हना की."

"हाव. म्हून तुमच्या लेकरायकडंही लक्ष ठेवा लागीन, अन् मोताळ्याच्या तुमच्या बहिनीकडंही."

परतीच्या गाडीत चांगुणाबाई बोलली नाही. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं. शेषराव खिडकीशी बसला होता, त्यालाच राहवेना. चार महिने ज्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता तो माणूस उन्हाळी मुगाबद्दल, शेजाऱ्याच्या आंधळ्या बैलाबद्दल, सुचेल त्याबद्दल बोलत सुटला. "बाई, भजे खाशीन का? बाई, पानी पे. बाई, तू काही काळजी नको करू, मी हाय ना."

"तू?" अखेर ती म्हणाली. "तू तं करा आनून ठेवला होता ना स्वतःचा?"

"तो तं तू बाटवला."

मग दोघंही हसले, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं भज्यांच्या तिखटावर ढकललं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात भर वैशाखात दोघं दाखल झाले. बाईमाणसांच्या वॉर्डात ती, पुरुषांच्या वॉर्डात तो, मध्ये दयारामजी पाण्याची सुरई घेऊन ये-जा करीत. शेषरावाच्या आतड्यात मागून पांढरी पेज भरून फोटो काढले. "लोक वरून पाहुनचार करतात, इथं खालून करतात," तो येईल त्याला सांगू लागला. फोटो स्वच्छ निघाला. संक्रांतीपासूनची कळ ती बरीचशी मूळव्याधीची आणि निम्मी भीतीची. चार महिने बिनतेलाच्या भातावर आणि काळजीवर राहिलं तर बरगड्या दिसणारच.

चांगुणाबाईचं मात्र खरं निघालं. लेडी डॉक्टरनं आतलं खरवडून तपासायला पाठवलं आणि चार दिवसांनी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. गाठ होती. लहान होती, जागा सोडून गेली नव्हती. गर्भाशयाची पिशवी काढायची.

चांगुणाबाईनं डोळे मिटले. ओठ हलत होते. जप संपेपर्यंत लेडी डॉक्टर थांबली. मग डोळे उघडून ती म्हणाली, "काढा. चार लेकरं देल्ले तिनं, तिचं काम झालं. पन बाई, एकादशीले नका काढू, माहा उपास असते."

एकादशी टाळून ऑपरेशन झालं. शुद्धीवर येता येता तिनं पहिलं काय विचारलं असेल? "शेष्या जेवला का?" शेषराव तेव्हा बाहेर बाकावर बसून, जिच्या आधी मरायची त्यानं तयारी केली होती तिच्यासाठी सगळ्या देवांना साकडी घालीत होता, नारळ कबूल करीत होता. पुढे ते सगळे नारळ फोडता फोडता अन्नपूर्णेच्या घरी महिनाभर खोबऱ्याची चटणी पुरली.

वॉर्डातून निघताना चांगुणाबाईनं शेजारच्या सगळ्या खाटांवरच्या बायकांना बजावलं, "बंद झाल्यावर पुन्हा आलं तं हसू नका. मी हसली होती."

बरी झाल्यावर तिनं पहिलं काम केलं ते मोताळ्याला जायचं. धाकटी बहीण विमलबाई बाजारात भाजी निवडत होती. "मले काही नाही होऊन राह्यलं!" ती ओरडली. "मलेही काही नव्हतं होऊन राह्यलं," म्हणून चांगुणाबाईनं तिला वांग्यांच्या ढिगासमोरून उचलून एस.टी.त बसवलं. विमलबाई निरोगी निघाली, आणि गाडीभाडं बहिणीकडून वसूल करायचं म्हणून वर्षभर सांगत राहिली. घरातली मोठी पोरं, पोरी, आत्यांची लेकरं, सगळी आळीपाळीनं तायडे डॉक्टरांकडे जाऊ लागली. डॉक्टर म्हणत, "या घरानं माहा अर्धा दवाखाना चालवला."

पुढच्या आखाजीला तिनं स्वतः पूजेची तयारी केली. आता बाहेर बसायचं कारणच उरलं नव्हतं. तीन करे मांडले, तीन केळी मांडली आणि त्यांच्या शेजारी आणखी दोन नव्या केळी. शेजारची म्हातारी डोकावली.

"ह्या कोनाच्या व?"

"शालूआत्याची अन् गोजरआत्याची."

"लेकीचे पितर माहेरी? असं कुठं असते?"

"रक्त इथलं होतं न्? मंग पानी काऊन नाही इथलं?"

म्हातारी पदर सावरीत निघाली. तिच्याही दोन बहिणी दूरवर दिलेल्या होत्या, दोन्ही गेलेल्या. जाताना कुंभाराच्या घराकडे वळली, असं पोरी सांगतात. गोजरआत्याच्या केळीवर चांगुणाबाईनं आंब्याबरोबर एक लवंगही ठेवली. "डाक्टरनं खाल्ली होती, ते भरपाई," ती म्हणाली.

शेषराव पन्नाशीला पोचला त्या साली आखाजीला घराची कौलं नवी होती आणि मळ्यात कलमांची रांग गुडघ्याच्या वर आली होती. त्याच्या अंगावर नवं धोतर होतं. आजवर त्या घरात पन्नाशी पाहिलेला पुरुष नव्हता, त्यामुळे ती कशी साजरी करायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अन्नपूर्णेनं पुरण घातलं, पोरींनी ओवाळलं, डॉक्टर तायडे मेहकरहून मुद्दाम जेवायला आले. चांगुणाबाई जानेफळहून आली ती एका हाती कुरडयांची पाटी आणि दुसऱ्या हाती फडक्यात बांधलेलं काहीतरी जपत. फडकं सोडलं. आत तोच करा, काठोकाठ घट्ट दह्यानं भरलेला.

"हा अजून हाय?" शेषराव म्हणाला.

"हाय म्हंजे? चार वर्सं झाले, दही यातच लावतो मी. मातीचं भांडं, पानी पिते, दही कसं कापून घ्या असं लागते. पितराले चालत नाही, जित्याले चालते." तिनं डावानं एक मोठा खांड त्याच्या ताटात घातला. "खा. भरल्या ताटावरून उठू नको म्हंजे झालं."

शेषराव उठला नाही. दुसऱ्यांदा वाढा म्हणाला, तिसऱ्यांदा वाढा म्हणाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "शेषराव, आता पुरे, पुढच्या महिन्यात पेजेचा फोटो हाय तुमचा."

"असू द्या ना डाक्टर," ताट पुसता पुसता शेषराव म्हणाला, "खालून पेज भरनारच हा, वरून दही तं भरू द्या."